गोल्डी पाँड गाळलेली मालिका

जपानच्या ‘वीकली शोनेन जंप’ साप्ताहिकात ऑगस्ट 2016मध्ये काइउ शिराई आणि पोसुका देमिझु यांची ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ ही मांगा सुरू झाली. अनाथाश्रमातली हसतीखेळती मुलं म्हणजे राक्षसांसाठी पोसलेलं खाद्य, हे कळल्यावर अकरा वर्षांची एमा सुटकेचा बेत रचते.

क्लोव्हरवर्क्स स्टुडिओने 2019मध्ये तिची ॲनिमे केली. बारा भागांत जेमतेम 37 प्रकरणं घेतल्यामुळे भीती मुरायला वेळ मिळाला. मुलांच्या मानेवरचे आकडे, ठावठिकाणा सांगणारं यंत्र दडवलेला स्वतःचा कान कापणारी एमा... सारं अंगावर आलं.

मग घात झाला. 2021च्या दुसऱ्या हंगामाचे भाग अकरा आणि उरलेली प्रकरणं 144! राक्षस सरदार मुलांची शिकार करतात आणि मुलं शस्त्रं घेऊन उलटतात, तो ‘गोल्डी पाँड’चा अख्खा टप्पाच गाळला. भूमिगत आसऱ्यात तेरा वर्षं एकटा राहून कडवट झालेला युगो तर आलाच नाही. वाचक त्याच्यासाठी सर्वांत जास्त हळहळले, आणि ते रास्तच होतं. आधी मुलांना हाकलू पाहणारा हा माणूस पुढे त्यांच्यासाठी जीव देतो.

राक्षसांच्या जगात मागे थांबलेल्या एमाचा प्रवास शेवटी संवादाविना, स्थिरचित्रांत उरकला.

2003ची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही ॲनिमेही मूळ कथेपासून दूर गेली, कारण तेव्हा मांगा अपुरी होती. ‘नेव्हरलँड’ची मांगा मात्र जून 2020मध्येच पूर्ण झाली होती.