वांटणीची कसोटी

बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या रोखानें गेलें, कीं तारापूरचें अणुविद्युत् केंद्र लागतें. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें बांधलेलीं तेथील पहिलीं दोन यंत्रें १९६९ सालीं सुरू झालीं. तेव्हां हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. पालघर जिल्हा निराळा झाला तो २०१४ सालीं. या केंद्राची वीज आरंभापासून महाराष्ट्र व गुजराथ यांना वांटून द्यावयाची होती. अणुभट्टीचे गोडवे पुष्कळांनीं गायिले आहेत. या वांटणीकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

वीज धान्यासारखी कोठारांत भरून ठेवतां येत नाहीं. एका जाळ्याला जोडलेलीं सारीं जनित्रें सेकंदास ५० आवर्तनांचा एकच ताल धरून चालतात. एखादें जनित्र गळालें, कीं हा ताल मंदावतो, आणि तें जाणवतांच बाकीचीं जनित्रें आपोआप अधिक भार उचलूं लागतात. सर्वांचा वांटा सारखा असतो, असें नाहीं. अणुभट्टीला संथ चाल मानवते; कोयनेचें पाण्यावर चालणारें यंत्र कांहीं मिनिटांत चढतें-उतरतें. म्हणून दिवसभराचा स्थिर भार तारापूरकडे आणि दिवेलागणीचा चढता भार कोयनेकडे. हे वांटेहि कायमचे नसतात. तारापूरच्या पहिल्या यंत्रांची शक्ति प्रत्येकीं २१० मेगावॉट धरलेली होती. ती पुढें १६० वर आणावी लागली. २००५ व २००६ सालीं ५४० मेगावॉटचीं दोन नवीं यंत्रें शेजारीं आलीं. एवढें यंत्र अचानक थांबलें, तर पडणारा खड्डाहि तेवढाच मोठा.

वर्षअखेरीस कोणीं किती युनिटें दिलीं, हें वहींत दिसतें. ऐन वेळीं कोण उभा राहिला, हें त्या बेरजेंत दिसत नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ श्रोत्यांपैकीं अनेकांना आठवत असेल. कळवा-पडघे मार्गाच्या आणि इतर मोठ्या वाहिन्या बंद पडल्या. अशा प्रसंगीं मुंबईला जाळ्यापासून तोडून, बेटाप्रमाणें तिच्याच जनित्रांवर जगवावयाची योजना १९८१ पासून होती. त्या दिवशीं मागणीच्या मानानें शहरांतील निर्मिति तोकडी पडली. बेट टिकलें नाहीं. उपनगरी गाड्या वाटेंत उभ्या राहिल्या. एवढ्या शहराची वीज परीक्षेसाठीं मुद्दाम तोडून पाहणें कोणाला परवडणार?

गणकयंत्रांच्या राज्यांत हाच प्रश्न उभा राहिला, आणि तेथें मुद्दाम मोडून पाहण्याची सोय होती. मोठ्या संकेतस्थळाकडे येणारी विनंती प्रथम एका दारवानाकडे जाते. त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. मागें बसलेल्या अनेक सर्व्हरांपैकीं एकाकडे तो ती धाडतो. तो निरुत्तर झाला तर दुसऱ्याकडे वळवितो. रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेला एंजिनएक्स हा असाच दारवान. त्याच्या परीक्षेच्या आज्ञावल्या पर्ल भाषेंत आहेत. त्या एकाच यंत्रावर लटके सर्व्हर उभे करितात, एखादा मुका ठेवितात, विनंत्या सोडतात आणि उत्तर कोणाकडून आलें तें ताडून पाहतात. राखण करीत माणूस बसावा लागत नाहीं. प्रत्येक दुरुस्तीनंतर सारी परीक्षा पुन्हा घेतां येते.

प्रश्न कोणता विचारावा, यांतच खरें कौशल्य आहे. समजा, अ, ब आणि क या सर्व्हरांचे वांटे ५, १ आणि १ असे आहेत. पूर्वीं दर सात विनंत्यांत एकट्या ‘अ’वर पांच लागोपाठ कोसळत. २०१२ सालीं क्रम बदलून अ, अ, ब, अ, क, अ, अ असा केला. दोन फेऱ्या जोडल्या, कीं ‘अ’ला चार लागोपाठ येतातच, पण ओझें पूर्वींपेक्षां पसरलें. बेरीज मात्र दोन्हींकडे तीच! नुसती बेरीज विचारणारा परीक्षक या दोन्ही पद्धतींना सारखेच गुण देईल.

दुसरी अडचण वेळेची. एकदां हुकलेल्या सर्व्हराला १० सेकंद वगळावयाचें आणि मग पुन्हा संधि द्यावयाची, हा एंजिनएक्सचा मूळ नियम आहे. ही मुदत कमी लावतां येते, पण शून्य करून चालत नाहीं. बरा झालेला सर्व्हर खरोखर परत कामावर घेतला गेला कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं परीक्षा घेणाऱ्या यंत्रालाहि घटकाभर थांबावेंच लागतें.