अडकित्त्यात अडकलेलं नाव

देगलूरच्या बसमध्ये शेजारी तेलंगणातल्या भैंशाचा एक व्यापारी बसला होता. फोनवर कुणाशी तरी तेलुगूत तावातावानं बोलत होता. मला तेलुगू जेमतेम कळते, पण एक शब्द कानात रुतला : 'अडकत्तेर'. फोन ठेवल्यावर मी विचारलं. म्हणाला, "दोघा भावांच्या भांडणात माझं तसं झालंय. अडकत्तेरलो पोकचेक्क. तुमच्यात काय म्हणतात?"

आमच्यात म्हणतात, अडकित्त्यातली सुपारी. पोक म्हणजे सुपारी आणि चेक्क म्हणजे खांड. हत्यार तेच, कोंडी तीच आणि म्हणही तीच. तेव्हापासून मी या शब्दाच्या मागं लागलो आहे.

आमच्या आबांची चंची म्हणजे कमरेला खोचलेलं घरच. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, मग कात, तंबाखू, चुन्याची डबी, आणि सगळ्यांत आत अडकित्ता. कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा एका कडीत अडकवून करदोट्याला. अडकित्त्यानं ते सुपारी कातरत, खारीक फोडत, पोत्याची सुतळी तोडत आणि वेळ पडली तर तारही वाकवत. कार्ल एल्सेनरनं स्विस सैन्याला चाकू पुरवले ते 1891 मध्ये, आणि टिम लेदरमनची घडीची पक्कड अमेरिकेत विकायला आली ती 1983 मध्ये. आबांना दोन्हींची गरज पडली नाही.

माळेगावच्या यात्रेत आबा अडकित्ता कसा निवडत, ते मी पाहिलं आहे. उघडून मिटायचा आणि खिळा डुगडुगतो का ते बघायचं. मग मिटलेला अडकित्ता उजेडाकडं धरायचा. पातं आणि खालची दांडी यांच्यात फट दिसली, की तो परत खाली. शेवटी मुठीत घेऊन दाबायचा. पितळी मोर-पोपटांच्या अडकित्त्यांकडं ते बघतसुद्धा नसत. तसले बघायचे तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावं, तिथं डोळे निवतात.

आता मूळ मुद्दा. सुपारी अडकते म्हणून अडकित्ता, असं मला अनेकांनी सांगितलं, शिकल्यासवरल्यांनीही. ऐकायला गोड आहे, पण 'अडक'पुढच्या 'इत्ता'चं काय करायचं? या प्रत्ययाचं दुसरं अवजार मराठीत दाखवा. सरकते म्हणून कुणी 'सरकित्ता' केला नाही.

कन्नडमध्ये सुपारीला 'अडके' किंवा 'अडिके' म्हणतात. ती कापायच्या हत्याराला दोन शब्द आहेत : 'अडकत्तरी', म्हणजे अडकेची कातरी, आणि 'अडकोत्तु', ज्यात 'ओत्तु' म्हणजे दाबणं. तेलुगूचा 'अडकत्तेर' पहिल्याचा सख्खा भाऊ. गंमत अशी, की तेलुगूत सुपारीला 'वक्क' किंवा 'पोक' म्हणतात, अडके नव्हे. म्हणजे तेलुगूनंही हत्याराचं नाव कन्नडकडून उचललं. तमिळमधून वाट काढू म्हटलं तर तिथं 'पाक्कुवेट्टी' आडवी येते. उत्तरेला सरौता, गुजरातेत सूडी. सगळ्या वाटा फिरून बिदरकडं, म्हणजे कन्नडकडंच येतात.

मराठी रूप 'कत्तरी'पेक्षा 'कोत्तु'ला जवळचं आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्या शब्दात दुहेरी त आहे, पण र कुठंच नाही. 'को'चा 'कि' झाला तो 'अडकणे'च्या ओढीनं, बोलता बोलता. शिवाय हत्यार बघा. कातरीला दोन पाती असतात, अडकित्त्याला एकच. तो कातरत नाही, दाबतो.

यावर तगडा आक्षेप असा, की सुपारी कर्नाटकातल्या मलनाडातून व्यापाऱ्यांबरोबर वर आली, तिच्या पाठोपाठ शब्दही आला, यात मोठं काय? पण मालाबरोबर आधी मालाचं नाव येतं. आपण मालाला सुपारी म्हणतो. कोकणात झाडाला पोफळ म्हणतात, ते पूगफलावरून आलेलं. 'अडके' मराठीत कुठंही उरली नाही, फक्त या हत्याराच्या पोटात उरली. असं व्यापारात होत नाही. जिथं एका घरात दोन भाषा नांदतात, तिथं होतं.

आणि त्या इथं नांदत होत्याच. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात रचलेला 'कविराजमार्ग' कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. गोदावरी म्हणजे आमच्या नांदेडचा घाट. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे धनी म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे लातूर असं बहुतेक अभ्यासक मानतात. अगदी अलीकडचं बोलायचं तर 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात होते आणि बसमधल्या त्या व्यापाऱ्याचं भैंसा नांदेड जिल्ह्यात. म्हणून मी तरी अडकित्त्याला उसना शब्द म्हणत नाही. भाषा बदलली तेव्हा घरात राहून गेलेला हा शब्द आहे.

चंचीचीही तीच गत. कन्नड आणि तेलुगूत पिशवीला 'संची' म्हणतात. आपल्या तोंडी 'स'चा 'च' झाला, एवढंच. सतराव्या शतकात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या दरबारात विड्याची पिशवी सांभाळणारी एक बाई होती. तिनं 'हदिबदेय धर्म' हे काव्य लिहिलं आणि कन्नड साहित्यात ती 'संची होन्नम्मा' म्हणून राहिली. आमच्या बोलीत तिचं नाव चंची होन्नम्मा झालं असतं!

याच 'अडके'च्या गोतातला एक शब्द मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांच्या कानी पडला. त्याचा त्यांनी 'अरेका' केला. 1753 मध्ये लिनियसनं झाडाचं शास्त्रीय नाव ठेवलं 'अरेका कॅटेचू'. जगभरच्या वनस्पतीशास्त्रज्ञांच्या वह्यांत जे नाव आहे, तेच आबांच्या चंचीत, दोन दांड्यांच्या मध्ये बसलं होतं.

पुड्या आल्या आणि कातरलेली सुपारी आयती मिळू लागली. आबांचा अडकित्ता आता माझ्याकडं आहे. सुपारी मी खात नाही, पण आईचं हळकुंड अजून त्यावरच फुटतं. परवा उजेडाकडं धरून बघितला. फट नाही.