खान्देशातले गाणारे आणि त्यांची नोंद

जळगाव, धुळे आणि 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांच्या खान्देशात गाण्याला कधी तोटा नव्हता. गाणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याची रीत मात्र नव्हती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो, बाया रात्र गाण्यांनी जागवतात आणि सोमवारी मिरवणुकीने विसर्जन होते. वहीगायन करणारे डफ-ढोलकीच्या साथीने देवादिकांच्या कथा समूहाने गातात. हळदीची, जात्यावरची, पाळण्याची गाणी आणखी वेगळी. ही गाणी बहुतेक अहिराणीत असतात, पूर्वेकडे यावल-रावेरच्या बाजूला लेवा बोलीत. गाणे गावाचे मानले जाई, म्हणून गाणारीचे नाव सांगण्याची गरज कुणाला वाटली नाही.

अहिराणी बोली सरकारी छापखान्यापर्यंत पोचली ती ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतून. तिच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (1907) भिल्ली बोलींबरोबर खान्देशीचे, म्हणजे अहिराणीचे, नमुने आहेत. हेतू व्याकरणाचा होता, तेव्हा त्यात गायक शोधण्यात अर्थ नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे ‘स्त्री जीवन’ हा ओव्यांचा संग्रह केला. तो एकट्या खान्देशचा नाही, पण बायकांच्या तोंडची ओवी छापण्याच्या लायकीची आहे हे त्याने मराठी वाचकाला पटवले.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांची कथा सर्वांना ठाऊक असली, तरी ती अपवादाची कथा आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचून म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. बहिणाबाईंची भाषा पुष्कळदा सरसकट अहिराणी म्हटली जाते, ते चूक आहे. ती लेवा बोलीच्या वळणाची आहे. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यांच्या गाण्यांना चाली दिल्या आणि घरोघरी त्याच रुळल्या. बहिणाबाई स्वतः कोणत्या चालीवर म्हणत, ते वहीत उतरले नाही. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. पण हा सारा शोध एका योगावर उभा आहे: मुलगा स्वतः कवी होता आणि त्याची अत्र्यांशी ओळख होती. ज्या बाईचा मुलगा कवी नव्हता, तिची गाणी तिच्याबरोबर गेली.

मैफलीच्या संगीतातही नाव मागे पडण्याचे उदाहरण जळगावातच सापडते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांचे गाण्याचे सुरुवातीचे शिक्षण इथे मेहबूबखान यांच्याकडे झाले. शिष्याच्या नावाने नाट्यगृहे उभी राहिली, महोत्सव भरतात. गुरूचा उल्लेख चरित्रातल्या एखाद्या ओळीपुरता होतो.

तमाशाची गोष्ट उलटी. तिथे तिकीट असे आणि फलकावर नाव रंगवावे लागे. म्हणून भिका-भीमा सांगवीकर, आनंदराव महाजन जळगावकर ही नावे गावाच्या आडनावासकट लोकांच्या लक्षात राहिली. ज्या कलेत पैसा फिरला, तिथे नाव टिकले, असा याचा रोखठोक अर्थ आहे.

संकलनाचे काम पुढे कवींनी आणि अभ्यासकांनी नेले. जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या सोयगाव तालुक्यातल्या ना. धों. महानोरांनी आपल्या गावची लोकगीते ‘पळसखेडची गाणी’मध्ये एकत्र केली. सटाण्याचे सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ या नियतकालिकाची अहिराणी आवृत्ती संपादित केली आणि ‘अहिराणी लोकपरंपरा’ लिहिले. मात्र छापील पानाची मर्यादा इथेही होतीच. शब्द आले, ठेका आणि आवाज आला नाही.

ती मर्यादा मोबाइलने मोडली. ‘हाई झुमका वाली पोर’सारखी अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा ऐकली गेली आणि गायक, वादक, निर्माता यांची नावे गाण्याखाली येऊ लागली. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या या गाण्यांना हलकी म्हणून नाके मुरडली जातात, तरी अहिराणी गायकाला खान्देशाबाहेर श्रोता मिळवून देण्यात त्यांचा वाटा ग्रंथांपेक्षा मोठा आहे. कानबाईची गाणी आणि वहीगायन यांना हा बाजार फारसा विचारत नाही.

त्यांच्यासाठी नमुना दुसरीकडे तयार आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी मुख्यतः पुणे परिसरातून सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या, पुढे त्यातल्या अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणारीच्या नावागावासह ऐकता येतात. खान्देशात वहीगायन करणारे आणि कानबाईची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. त्यांची गाणी अशीच नावागावासह ध्वनिमुद्रित करण्याचे काम जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी येत्या श्रावणातच हाती घ्यावे.