बोलक्या खेळण्याची चिप

१९७८ चा जून महिना. शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एक खेळणे मांडले: ‘स्पीक अँड स्पेल’. ते मुलाला शब्द ऐकवी आणि त्याचे स्पेलिंग विचारी. किंमत सुमारे ५० डॉलर. आजच्या थ्रेडमध्ये या खेळण्याच्या आवाजाची चिप कशी ठरली, ते पाहू. (१)

बोलणारी खेळणी तेव्हा नवी नव्हती. दोरी ओढताच बोलणाऱ्या बाहुलीच्या पोटात चिमुकली तबकडी असे. पण तबकडी झिजते, आणि मुख्य म्हणजे हवा तो शब्द हव्या त्या क्षणी काढून देत नाही. (२)

१९७६ मध्ये पॉल ब्रीडलव्ह यांनी हलत्या भागांवाचून बोलणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. मंजूर झाले तीन महिने आणि २५,००० डॉलर. सोबत जीन फ्रँट्झ, रिचर्ड विगिन्स आणि लॅरी ब्रँटिंगहॅम. एवढ्या मोठ्या कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे दक्षिणाच! (३)

खरी अडचण जागेची होती. टेलिफोनच्या पद्धतीने आवाज साठवायचा, तर सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. खेळण्यातल्या दोन रॉम चिपांची क्षमता प्रत्येकी १२८ किलोबिट, आणि त्या काळी ती फार मोठी मानली जाई. तरीही त्यांत जेमतेम चार सेकंदांचे बोलणे मावले असते. साठवायचे होते दोनशेच्या आसपास शब्द. (४)

विगिन्स यांनी निवडली ‘एलपीसी’, म्हणजे रेषीय पूर्वानुमानाची पद्धत. तिचा पाया जपानमध्ये इताकुरा व साइतो यांनी १९६६ मध्ये घातला. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये ती वाढवणाऱ्यांत बिष्णू अटल अग्रणी. (होय, लखनौ आणि बंगळूरु येथे शिकलेले अटल.) या पद्धतीत ध्वनी साठवतच नाहीत, तो निर्माण करणाऱ्या कंठाचे वर्णन साठवतात. स्वराची उंची, जोर, आणि घसा व तोंड यांच्या पोकळीचा आकार सांगणारे दहा गुणांक. दर २५ मिलिसेकंदांनी हे वर्णन बदलते. ‘स’सारख्या अघोष ध्वनीला तर चारच गुणांक पुरतात! खर्च सेकंदाला साधारण १,२०० बिटांवर उतरला, आणि चार सेकंदांच्या जागेत तीन मिनिटांहून अधिक बोलणे मावले. (५)

मात्र वर्णनावरून पुन्हा आवाज घडवायचा, तर प्रत्येक नमुन्यामागे सुमारे वीस गुणाकार. सेकंदाला जवळजवळ १,६०,०००. चिप तर स्वस्त पण संथ अशा पी-मॉस तंत्रातली. वेगवान तंत्र घेतले असते, तर किंमत खेळण्याची राहिली नसती. ब्रँटिंगहॅम यांनी गुणाकाराचे टप्पे पाडले: एक पुरा होण्याआधीच पुढचा सुरू. त्यातून साकारली टीएमसी ०२८०, मानवी स्वरमार्गाची नक्कल एकाच तुकड्यावर करणारी पहिली चिप. (६)

माझ्या मते खरे धाडस गणितात नव्हते. आवाज यांत्रिक निघणार, हे सर्वांना ठाऊक होते. पण स्पेलिंग शिकवणाऱ्या खेळण्यात ‘बी’ आणि ‘डी’ यांची गल्लत झाली, तर सारेच फसले. म्हणून गोडव्याचा बळी दिला गेला, स्पष्टतेचा नाही. (७)

१९८२ च्या ‘ई.टी.’ चित्रपटात तो परग्रहवासी पाहुणा घरी निरोप धाडण्यासाठी जे यंत्र जुळवतो, त्यात हेच खेळणे आहे. (८)