काळा पँथर कुठल्या मातीतला?

मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, हे आपण सारे जाणतो. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, हेही ऐकलेलं असतं. पण हा पँथर मुळात शहरातला नव्हे, खेड्यातला. आम्ही गिरणीतली माणसं, कापूस कुणी वेचला हे विचारणारच. म्हणून ही हकीकत.

अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्य आहे. तिथे सेल्मा आणि मॉन्टगोमेरी या शहरांच्या मध्ये लाउंड्स कौंटी. कौंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा, पण वस्ती अगदी विरळ. २०२० च्या शिरगणतीत माणसं फक्त १०,३११. उत्तरेला अलाबामा नदी, मुख्य ठाणं हेनविल, बाकी फोर्ट डिपॉझिट, व्हाइट हॉल अशी लहान गावं. जमीन काळी, चिकट, आपल्या कापसाच्या रानासारखीच. हा मुलूख मूळचा मस्कोगी आदिवासींचा. त्यांना हुसकावून गोऱ्या मळेवाल्यांनी गुलामांच्या घामावर कापूस पिकवला. १८६५ साली गुलामी कायद्याने गेली, जमीन मात्र मालकांकडेच राहिली. गुलामांची पोरंबाळं वाट्याने शेती कसू लागली नि कर्जात बुडाली.

१९६५ साल उजाडलं तेव्हा तिथे पाचांत चार माणसं काळी, पण मतदार यादीत त्यांचं एकही नाव नाही! त्या मार्चमध्ये सेल्माचा मोर्चा इथूनच गेला. मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लिउझोंना इथेच गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये हेनविलला जोनाथन डॅनियल्स मारले गेले. दोघेही गोरे होते, हे विसरता कामा नये. ज्या कुळांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं, त्यांना मालकांनी घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली.

निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह असे. डेमोक्रॅटिक पक्षाचा पांढरा कोंबडा होता. जॉन ह्यूलेट, स्टोकली कारमायकेल आणि साथीदारांनी आपला वेगळा पक्ष काढून काळा पँथर हे चिन्ह घेतलं. नोव्हेंबर १९६६ ला त्यांचे उमेदवार पडले. पण त्याआधीच, ऑक्टोबरात, ओकलंड शहरातल्या तरुणांनी तो पँथर उचलला होता. तिथून तो आपल्याकडे आला. आणि १९७० साली ह्यूलेट त्याच कौंटीचे शेरीफ झाले.

मत मिळालं, खुर्ची मिळाली. गरिबी काही हटली नाही. त्या चिकट मातीत पाणी मुरत नाही, नीट शोषखड्डा बांधायला पैसा नाही, त्यामुळे कितीतरी घरांचं मैलापाणी अंगणात साचतं. २०२३ साली केंद्र सरकारने यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला, तो एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानेच मोडला. तुंबलेलं गटार म्हणजे काय, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

पँथरचं नाव घेताना आपल्या तरुणांनी त्या तंबूतल्या माणसांची आठवण ठेवावी, एवढंच आमचं सांगणं.