तोफखान्यातला रसायनज्ञ

मी तोफखान्यातला माणूस, त्यामुळे आजच्या पाहुण्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे. स्तानिस्लाओ कान्निझारो हा रसायनज्ञ १८४८च्या सिसिलीतल्या उठावात मेसिनाला तोफखान्याचा अधिकारी होता. उठाव मोडला आणि त्याला फ्रान्सला पळून जावं लागलं. पुढे त्याने एक वेगळीच लढाई जिंकली.

आमच्या भांडारात खिळे कुणी एकेक करून मोजत नसे. एका खिळ्याचं वजन ठाऊक असलं की पोत्याच्या वजनावरून हिशोब निघे. पण तेच वजन चुकलं तर? रसायनशास्त्राचं १८६०पर्यंत नेमकं हेच झालं होतं.

९ ग्रॅम पाणी घ्या. त्यात हायड्रोजन १ ग्रॅम, ऑक्सिजन ८ ग्रॅम. डाल्टनने गृहीत धरलं की पाण्यात दोघांचा एकेकच अणू असतो. मग ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो. अवोगाद्रोने १८११मध्येच सांगितलं होतं की सारख्या तापमानाच्या, सारख्या दाबाच्या आणि सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. त्यावरून पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू निघतात आणि ऑक्सिजन १६ पट जड. पण ऐकतो कोण? जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस बाजूलाच पडला.

सप्टेंबर १८६०मध्ये जर्मनीत कार्ल्सरूला रसायनज्ञांची परिषद भरली. कान्निझारोने अवोगाद्रोची बाजू मांडली, पण निर्णय काही झाला नाही. (परिषदांचं असंच असतं!) निघताना त्याचा मित्र पावेझी याने कान्निझारोची १८५८ची छोटी पुस्तिका वाटली. ती वाचून लोथार मायरचे डोळे उघडले. तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेला होता. १८६९ची त्याची आवर्तसारणी याच दुरुस्त वजनांवर उभी आहे.

आता हिशोब करू. पाण्याचं रेणुभार १८, म्हणजे ९ ग्रॅम हा अर्धा मोल. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात इतके रेणू. हा आकडा पुढच्या पिढ्यांनी शोधला आणि २०१९पासून तो व्याख्येनेच पक्का झाला. म्हणून रेणू ३.०११, आणि प्रत्येकात तीन अणू, म्हणजे अणू ९.०३३ गुणिले १०चा २३वा घात. जुन्या सूत्राने हेच १२.०४४ आले असते. हायड्रोजनची मोजणी दोन्हीकडे तीच, ऑक्सिजन मात्र दुप्पट मोजला गेला असता. तराजूत खोट नव्हती, खोट सूत्रात होती.