कुलूप लावलंय ना?

आमचा एक मित्र आहे. नाव नको सांगायला. ऑफिसला निघताना कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो, परत वर जातो, परत ओढतो. आम्ही जाम खेचायचो त्याची. "इन्फिनिट लूपमध्ये गेलास काय रे?" एकदा तो शांतपणे म्हणाला, "कुलूप लागलंय हे मला माहीत असतं. डोकं ऐकत नाही." त्या दिवसापासून चेष्टा बंद. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात.

मध्यंतरी त्यानेच विचारलं, "मॅजिक मशरूमने हे बरं होतं म्हणे, खरं का?" दोन वीकेंड वाचण्यात गेले. सापडलं ते असं...

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात, सँडोझ या औषध कंपनीत, आल्बर्ट हॉफमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली एलएसडी बनवलं. त्याचा मनावरचा परिणाम कळायला मात्र १९४३ उजाडलं. १९ एप्रिलला पठ्ठ्याने स्वतःच पाव मिलिग्रॅम घेतलं आणि डोळ्यांसमोर भलभलतं दिसत असताना सायकलवरून घर गाठलं! पुढे १९५५ साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर मेक्सिकोतल्या वाउतला गावी मारिया साबिना या वैदूबाईंच्या रात्रीच्या विधीत बसला. तिथे खाल्ल्या जाणाऱ्या अळंब्यांमधून १९५८ साली याच हॉफमनने सायलोसायबिन वेगळं काढलं.

तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ ही द्रव्यं रुग्णांवर वापरून बघत होते. पण साठच्या दशकात माल प्रयोगशाळेतून रस्त्यावर आला. १९६५ मध्ये सँडोझने पुरवठा थांबवला आणि १९७० च्या अमेरिकन कायद्याने दोन्ही द्रव्यं सर्वात कडक यादीत टाकली. संशोधनावर थेट बंदी नव्हती, पण परवानग्या आणि पैसा दोन्ही आटले. थोडक्यात, दारालाच कुलूप.

ते किलकिलं झालं २००६ मध्ये. ॲरिझोना विद्यापीठातल्या फ्रान्सिस्को मोरेनो यांच्या गटाने मंत्रचळाच्या रुग्णांना देखरेखीखाली सायलोसायबिन दिल्याचे निष्कर्ष छापले. रुग्ण किती? फक्त ९. नेहमीच्या औषधाने गुण न आलेले. प्रत्येकाची लक्षणं निदान एका सत्रात तरी कमी झाली, कुणाची २३ टक्के, कुणाची चक्क शंभर टक्के.

भारी ना? मलाही वाटलं. मग टेस्टिंगवाल्याच्या नजरेने परत वाचलं. या सगळ्यांनी आधी कधीतरी असं द्रव्य घेतलेलं होतं आणि त्यांना ते सोसलं होतं. म्हणजे ज्यांना झेपत नाही ते आधीच गाळलेले. तुलनेला म्हणून नगण्य डोस ठेवला होता, पण डोस लहान की मोठा याने फारसा फरकच पडला नाही! मग गुण औषधाचा, की डॉक्टर दिवसभर शेजारी बसल्याचा? ९ जणांवरून सांगता येत नाही. ही चाचणी दार उघडते, उत्तर देत नाही. उत्तरासाठी मोठ्या चाचण्या लागतात, आणि त्या करायची तीसेक वर्षं आपण घालवून बसलो. आधी घाईने, मग भीतीने.

मित्राला हे सगळं सांगितलं. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने हा गुन्हा आहे, आणि घरात कुणाला सायकोसिस झालेला असेल तर धोका फार मोठा, हेही सांगितलं. तो जरा हिरमुसला. "म्हणजे मी थांबायचं?" म्हटलं, त्याच्यासाठी थांब, बाकी कशाला थांबतोस? सेरोटोनिनवर काम करणारी औषधं आहेत. भीती वाटली तरी परत न तपासता तसंच थांबायचा सराव करून घेणारी थेरपी आहे. पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो.

परवा सकाळी त्याने कुलूप लावलं, एकदाच ओढलं. अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभा राहिला, घामाघूम. मीही काही बोललो नाही. पाचेक मिनिटांनी म्हणाला, "चल."

बस चुकली. असो.